घड्याळ बघून द्यायचे औषध

"मॉर्फिन सुरू केलं तर सवय लागेल हो त्यांना."

आमच्या एका शिक्षक मित्राच्या वडिलांबद्दल डॉक्टरांनी काढलेले हे उद्गार. वडील सत्तरी ओलांडलेले, कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला. कूस बदलताना होणारे त्यांचे ओरडणे शेजारच्या घरात ऐकू जायचे. साध्या गोळ्यांनी भागत नव्हते. मधूनमधून एखादे इंजेक्शन मिळे, ते उतरले की पुन्हा कण्हणे सुरू. मित्राने मॉर्फिनबद्दल कुठेतरी वाचले होते, म्हणून भीत भीत विचारले. त्यावर हे उत्तर मिळाले. वडील त्यानंतर तीन आठवडे जगले.

मित्राने हे सांगितले तेव्हा आम्हा सगळ्यांना पहिला प्रश्न पडला तो असा : ज्याच्या हाती तीनच आठवडे आहेत, त्याला सवय लागली तर बिघडले काय? पण जरा विचार केल्यावर त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. सवय लागते हे आपल्याला ठाऊक कसे? कुणी नीट मोजून पाहिले होते का? याचा माग काढत गेलो, तर दोनशे वर्षांचा इतिहास सापडला. तो एका औषधाचा जितका आहे, तितकाच एका समजुतीचाही आहे.

खसखशीच्या बोंडातून

दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस आपल्या चांगल्या ओळखीची. ज्या झाडाचे हे बी, त्याच झाडाची अफू. झाडाचे शास्त्रीय नाव पापाव्हर सोम्निफेरम. पाकळ्या गळून गेल्यावर राहिलेल्या हिरव्या बोंडाला बारीक चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. रात्रभरात तो वाळून तपकिरी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून काढतात. हीच कच्ची अफू. पिकलेल्या बियांत, म्हणजे खसखशीत, ती नावापुरतीच असते.

अफूने दुखणे थांबते आणि झोप लागते हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. ग्रीक भाषेत रसाला 'ओपॉस' म्हणतात. त्यावरून 'ओपिऑन', अरबीत 'अफ्यून' आणि आपल्याकडे 'अफू' असा शब्दाचा प्रवास झाला. संस्कृत वैद्यकग्रंथांत ती 'अहिफेन' म्हणून येते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफू असलेली 'बाळागोळी' देऊन निजवत असत. 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत गुंगीसाठी रुळला आहे तो उगाच नव्हे.

अफूची खरी अडचण मापाची होती. एका शेतातली अफू कडक, दुसरीकडची सौम्य. वाटाण्याएवढी गोळी एका रोग्याला पुरायची नाही आणि तेवढीच गोळी दुसऱ्याचा जीव घ्यायची. ज्याचे माप ठरत नाही, ते औषध कितीही गुणकारी असले तरी भरवशाचे नसते.

जर्मनीतील पाडरबॉर्न गावात औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुणाने हा प्रश्न हाती घेतला. त्याचा जन्म १७८३ चा. अफूच्या अर्कात अमोनिया घातल्यावर त्याला स्फटिक मिळाले. ते कुत्र्यांना खाऊ घातल्यावर त्यांना झोप लागली. म्हणजे अफूचा गुण या पदार्थात होता. १८०५-०६ मध्ये त्याने हे छापून आणले, पण एका दुकानातल्या मदतनिसाच्या शोधाकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८१७ साली त्याने पुन्हा सविस्तर निबंध लिहिला. त्यात स्वतःवर आणि तीन तरुणांवर केलेल्या प्रयोगाचे वर्णन आहे. थोड्या थोड्या वेळाने तीनदा औषध घेतल्यावर चौघांचीही अवस्था वाईट झाली, तेव्हा झेर्ट्युर्नरने सर्वांना व्हिनेगर पाजून ओकारी काढवली. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण किती औषधाने काय होते हे त्यातून कळले. ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्यावरून त्याने या पदार्थाला 'मॉर्फियम' असे नाव दिले. तेच आपले मॉर्फिन.

या शोधाचे महत्त्व रसायनशास्त्रातही मोठे आहे. वनस्पतींचे प्रभावी घटक आम्ले असावीत असा तोवरचा समज होता. हा पदार्थ अल्कधर्मी निघाला. मग त्याच वाटेने इतर संशोधकांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन आणि १८२० मध्ये क्विनीन वेगळे केले. या साऱ्यांना आज आपण अल्कलॉइडे म्हणतो. १८२७ पासून डार्मस्टाट येथील मर्क यांच्या औषधशाळेने मॉर्फिन विकायला सुरुवात केली. आता तराजूत तोलून देता येईल असे वेदनाशामक डॉक्टरांच्या हाती आले होते.

सुई आली आणि भीती आली

१८५३ च्या सुमारास एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्राव्हाझ यांनी कातडीखाली औषध टोचण्याची पिचकारी वापरात आणली. मॉर्फिन आता काही मिनिटांत काम करू लागले. डोकेदुखी, निद्रानाश, खोकला, मन लागत नाही, अशा कशासाठीही ते टोचले जाऊ लागले. कित्येक घरांत पिचकारी रोग्याच्याच हाती असे. परिणाम व्हायचा तो झाला. १८७७ मध्ये बर्लिनचे डॉक्टर एडुआर्ड लेव्हिनश्टाइन यांनी मॉर्फिनच्या व्यसनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे १८९८ मध्ये बायर कंपनीने मॉर्फिनपासून तयार केलेले एक औषध खोकल्यासाठी बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

म्हणजे भीती निराधार नव्हती. ती खऱ्या अनुभवातून आली होती. १९१२ मध्ये हेग येथे अफूविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि एकेका देशाने कडक कायदे केले. ते आवश्यकही होते. गफलत झाली ती दुसरीकडे. ज्यांना तीव्र वेदना नव्हत्या, ज्यांच्या हाती पिचकारी दिलेली होती, अशा माणसांवरून काढलेला निष्कर्ष कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसालाही जसाच्या तसा लावला गेला. विज्ञान शिकवताना आपण मुलांना सांगतो की एका परिस्थितीत मिळालेले उत्तर दुसऱ्या परिस्थितीत तपासल्याशिवाय वापरू नका. इथे ते तपासणे राहून गेले.

त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांत एक पद्धत रूढ झाली होती. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन द्यायचे, पण शक्य तितके उशिरा, शक्य तितके कमी, आणि तेही त्याने कळवळून मागितल्यावरच.

मोजून पाहणारी बाई

सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८ चा, इंग्लंडमधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित भेटला. हॉटेलात वाढप्याचे काम करणारा, एकटा, कर्करोगाने मरणपंथाला लागलेला. अखेरच्या दिवसांत दोघे बोलत बसत. अशा माणसांसाठी एक वेगळे घर हवे, असे त्या बोलण्यातून निघाले. १९४८ मध्ये टास्मा वारला. जाताना त्याने साँडर्सना पाचशे पौंड ठेवले आणि त्या घरातली एक खिडकी आपली असेल असे सांगितले.

साँडर्स तेव्हा संध्याकाळी सेंट ल्यूक्स नावाच्या एका छोट्या रुग्णालयात विनामूल्य काम करू लागल्या. शेवटच्या अवस्थेतील गरीब रोग्यांसाठी ते चालवले जाई. तिथे त्यांनी एक वेगळीच गोष्ट पाहिली. तिथल्या परिचारिका मॉर्फिन तोंडावाटे देत आणि रोग्याने मागायची वाट न पाहता दर चार तासांनी देत. रोगी शांत असत, गप्पा मारत, जेवत. मोठ्या रुग्णालयात दिसणारे आक्रंदन तिथे नव्हते.

हे सर्वांना सांगावे असे त्यांच्या मनात आले. पण ज्या शल्यचिकित्सकाकडे त्या काम करत होत्या त्याने त्यांना सल्ला दिला, की आधी डॉक्टर हो, नाहीतर तुझे कुणी ऐकणार नाही. त्या तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. दुसऱ्या वर्षीपासून पूर्व लंडनमधील सेंट जोसेफ्स या जोगिणींनी चालवलेल्या शुश्रूषागृहात त्यांनी संशोधन सुरू केले.

त्यांच्याकडे नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. होती ती नोंदवही. औषध किती दिले, कधी दिले, रोग्याला काय वाटले, झोप लागली का, मात्रा वाढवावी लागली का, हे त्या प्रत्येकाबाबत लिहून ठेवत. सात वर्षांत एक हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी झाल्या. त्यातून दिसले ते असे : नियमित वेळी दिले तर मॉर्फिनची मात्रा सारखी वाढवत न्यावी लागत नाही. कित्येकांना ती आठवडेच्या आठवडे तेवढीच पुरते. वाढवावी लागते तेव्हा बहुधा आजार वाढलेला असतो. रोगी गुंगीत पडून राहत नाही. आणि औषधासाठी हपापलेला, व्यसनी म्हणावा असा माणूस या नोंदींत सापडत नाही.

चार तासांचे गणित

वेळेने इतका फरक का पडावा? हे समजायला फळ्यावर एक आलेख काढू. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सहज जमते.

किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल आपण शिकवतो. औषधांनाही अर्धायुकाल असतो, म्हणजे रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ. मॉर्फिनचा अर्धायुकाल साधारण दोन ते तीन तास आहे. आपण सोयीसाठी दोन तास धरू. एका मात्रेने रक्तात १०० एकके औषध येते असे समजू. दोन तासांनी ५० उरतील, चार तासांनी २५. आता दुसरी मात्रा दिली की होतील १२५. चार तासांनी त्यातली ३१ उरतील, तिसऱ्या मात्रेनंतर १३१. मग ३३ आणि १३३. पुढे कितीही दिवस दिले तरी वरचा आकडा १३३ च्या आणि खालचा ३३ च्या आसपासच राहतो. 'साठत साठत जाऊन विष होईल' ही भीती इथे गणितानेच दूर होते. वरच्या वर्गातील मुलांना यात भूमितीश्रेढीही दिसेल.

आता समजा, ३० एककांच्या खाली गेले की दुखू लागते आणि १५० च्या वर गेले की गुंगी येते. चार तासांच्या वेळापत्रकात पहिल्या मात्रेनंतरचा शेवटचा थोडा वेळ सोडला, तर रोगी पूर्ण दिवस या दोन रेघांच्या मधे राहतो. दुखत नाही आणि गुंगीही नाही.

तेच औषध दर आठ तासांनी २०० एककांप्रमाणे दिले तर? दिवसाचे एकूण औषध दोन्हींकडे ६०० एककेच. पण आता आलेख २१३ पर्यंत चढतो आणि १३ पर्यंत उतरतो. म्हणजे औषध तितकेच, पण माणूस आधी गुंगीत आणि नंतर यातनेत. (हे आकडे समजण्यासाठी सोपे केलेले आहेत. प्रत्यक्षात मात्रा माणसागणिक वेगळी असते. मूत्रपिंडाच्या विकारात मॉर्फिनपासून बनलेले घटक शरीरात साठतात, म्हणून तिथे विशेष काळजी घ्यावी लागते.)

'मागितल्यावरच द्या' या पद्धतीत काय होते ते आता पाहा. औषध संपते, दुखू लागते, रोगी हाक मारतो. परिचारिका म्हणते, अजून वेळ झालेली नाही. दुखणे वाढते, सोबत भीती वाढते. शेवटी औषध मिळते, तेव्हा आधीच्या मात्रेने भागत नाही. पुढच्या वेळी हा माणूस काय करील? तो घड्याळाकडे डोळे लावून बसेल, गयावया करील, दुखणे वाढवून सांगेल. पाहणाऱ्याला वाटेल, बघा, लागली ना सवय! साँडर्स यांच्या कामाचा गाभा आम्हाला इथे दिसतो. ज्याला व्यसनाचा पुरावा समजले जात होते, तो पुरावा औषध देण्याची ती पद्धतच तयार करत होती. औषध वेळेवर मिळू लागताच तो पुरावा नाहीसा झाला.

येथे तीन शब्द वेगळे ओळखायला हवेत. काही काळ रोज मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते. ते एकदम थांबवले तर घाम, अस्वस्थता, जुलाब असा त्रास होतो. हे शरीराचे अवलंबन. म्हणून औषध बंद करताना हळूहळू कमी करतात. तेवढ्याच मात्रेचा परिणाम कालांतराने कमी वाटू शकतो. ही सहनशीलता. आणि अपाय होत असतानाही, दुखणे नसतानाही, त्या पदार्थामागे धावत राहणे, ते न मिळाल्यास बाकी सारे सोडून देणे, हे व्यसन. आपण तिन्हींना 'सवय' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

साध्या पाण्यातले मॉर्फिन

साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. टास्माची खिडकी तिथे आहे. माणसाचे दुखणे नुसते शरीराचे नसते. घराची काळजी, पैशाची विवंचना, एकटेपण आणि मरणाचे भय हे सारे त्यात मिसळलेले असते. या सर्वांना मिळून त्यांनी 'समग्र वेदना' असे नाव दिले होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये 'ब्रॉम्प्टन मिश्रण' नावाचे औषध प्रसिद्ध होते. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, मद्य आणि पाक असे. हेरॉइन मॉर्फिनपेक्षा सरस, असे बहुतेकांचे मत होते. स्वतः साँडर्सही हेरॉइनला पसंती देत. त्यांच्याच संस्थेत रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी याची चाचणी घेतली. कोणत्या बाटलीत काय आहे हे रोग्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा रीतीने. १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तोंडाने दिल्यास दोहोंत लक्षात येण्याजोगा फरक नाही. संस्थेने आपले मत बदलले आणि मॉर्फिन वापरायला सुरुवात केली. १९७९ मध्ये माँट्रियल येथे रोनाल्ड मेल्झॅक व सहकाऱ्यांनी पूर्ण मिश्रण आणि नुसते पाण्यातले मॉर्फिन यांची तुलना केली. तिथेही फरक आढळला नाही. उरले ते साधे, स्वस्त, तोंडाने घेण्याचे मॉर्फिन. सुई नको आणि रुग्णालयात राहणेही नको. गरीब देशांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

याच दशकात मॉर्फिन काम कसे करते तेही उलगडले. १९७३ मध्ये मेंदूतील चेतापेशींवर मॉर्फिन नेमके जाऊन बसते त्या जागा, म्हणजे ग्राही, सापडले. अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, तसेच एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. खसखशीच्या चिकासाठी आपल्या मेंदूत जागा कशासाठी असावी? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी दिले. शरीर स्वतःच तसे पदार्थ बनवते. त्यांनी शोधलेल्या पदार्थांना एन्केफॅलिन म्हणतात. मॉर्फिन त्यांच्याच जागी बसते आणि मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश मंद करते. असे ग्राही आतड्यातही असतात, म्हणून मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते. शरीर तिला सरावत नाही, म्हणून जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रातही ते असतात, म्हणून जास्त मात्रा जीवघेणी ठरू शकते. यासाठीच जाणकार डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करून पायरीपायरीने वाढवतात. एकाला दिलेले औषध दुसऱ्याने कधीही घ्यायचे नसते.

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात तीन पायऱ्यांची शिडी होती. सौम्य दुखण्याला ॲस्पिरिन किंवा पॅरासिटामॉल, त्याने न भागल्यास कोडीन, त्यानेही न भागल्यास मॉर्फिन. शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे. २०१८ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत या शिडीला काटेकोर नियम मानलेले नाही. वेदना तीव्र असेल तर खालच्या पायऱ्या चढत बसायचे कारण नाही. पण घड्याळाचे तत्त्व कायम आहे.

पिकवतो आपण, पण...

आता आपल्या देशाकडे येऊ. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच, राजस्थानातील चितोडगड आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग येथे सरकारी परवान्याने अफू पिकते. औषधासाठी कायदेशीरपणे अफूचा चीक गोळा करून निर्यात करणारा भारत हा जगातील जवळजवळ एकमेव देश आहे. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. त्यातला गाझीपूरचा १८२० पासूनचा. म्हणजे कच्च्या मालाची वाण नाही.

१९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा नवा कायदा झाला. त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. औषध म्हणून वापरायला बंदी नव्हती, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे. मॉर्फिन एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे तर निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. नोंदीत चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. देशातील मॉर्फिनचा वापर दहा-बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ साली संपूर्ण देशात मिळून तो अवघा १८ किलो होता. याच काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पिढीने मॉर्फिन वापरलेलेच नव्हते. आमच्या मित्राला मिळालेले उत्तर निष्ठुरपणाचे नव्हते. त्या डॉक्टरांना शिकवलेच तसे गेले होते.

तरी काहींनी वाट काढली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. लुइस डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती आवेदना हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र आहे. १९९३ मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी एक वेदना-चिकित्सालय सुरू केले. रोग्यांना मॉर्फिन घरी न्यायला मिळू लागले. मग जुनी शंका आलीच : हे बाहेर विकले जाणार नाही कशावरून? त्यांनीही तेच केले जे साँडर्स यांनी केले होते. नोंदी ठेवल्या. दोन वर्षांत मॉर्फिन घरी नेलेल्या १७२३ रोग्यांची माहिती २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. गैरवापराचे किंवा औषध बाहेर गेल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही.

केंद्र सरकारने १९९८ मध्ये राज्यांना सोपा नमुना-नियम पाठवला, पण फार थोड्या राज्यांनी तो स्वीकारला. शेवटी २०१४ साली संसदेने मूळ कायद्यातच दुरुस्ती केली. मॉर्फिनसह काही औषधे 'अत्यावश्यक' ठरवून त्यांच्यासाठी देशभर एकच नियम केला. मान्यताप्राप्त संस्थेला आता एकाच खात्याची परवानगी पुरते. नियम बदलला तरी अशा संस्था बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला त्या अजूनही दूरच पडतात.

दुसरे टोक

एवढे वाचून 'मॉर्फिनला घाबरण्याचे कारणच नाही' असे कुणी म्हणेल, तर तेही चूक ठरेल. १९८० मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र आले होते. रुग्णालयात ही औषधे मिळालेल्या ११,८८२ रोग्यांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद सापडली, एवढेच त्यात म्हटले होते. ते रुग्णालयातल्या, देखरेखीखालच्या रोग्यांपुरते होते. पण पुढे शेकडो लेखांत त्याचा हवाला देऊन 'या औषधांनी व्यसन लागतच नाही' असे सांगण्यात आले. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीचा जोरदार प्रचार झाला आणि पाठदुखीसारख्या जुनाट दुखण्यांसाठी ती महिनोन्महिने घरी दिली गेली. बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, पण तोवर असंख्य माणसे व्यसनात सापडली होती आणि अनेकांचे प्राण गेले होते.

चूक तीच, फक्त दिशा उलटी. एका परिस्थितीतले उत्तर दुसऱ्या परिस्थितीला न तपासता लावले. कर्करोगाचे रोगीही आता अनेक वर्षे जगतात. त्यामुळे त्यांच्याबाबतही हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारावा लागतो. भीतीने नोंदवहीची जागा घेतली तेव्हा रोगी तळमळले, आणि जाहिरातीने ती घेतली तेव्हा माणसे व्यसनात बुडाली.

लॅन्सेटने नेमलेल्या एका आयोगाने २०१७ मध्ये जगाचा हिशेब मांडला. मॉर्फिनच्या मापात मोजल्यास अशी औषधे जगभर वर्षाला २९८.५ टन वाटली जातात. त्यांतली सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात फक्त ०.१ टन. एकाच जगात ही दोन्ही टोके एकाच वेळी आहेत.

शाळेत आम्ही कशासाठी हे सांगावे, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या वर्गातल्या कुणा ना कुणा मुलाच्या घरी आत्ता असे आजारपण असू शकते. अशा घराला दोन गोष्टी माहीत असाव्यात. कर्करोगाचे दुखणे मुकाट्याने सोसलेच पाहिजे असे नाही. आणि डॉक्टरांना 'उपशामक उपचार कुठे मिळतील, तोंडाने घेण्याचे मॉर्फिन यांना चालेल का' असे विचारण्यात काही गैर नाही.

वरचे चार तासांचे आणि आठ तासांचे गणित आमच्या त्याच मित्राने मांडून दिले आहे. तो दहावीला गणित शिकवतो. आलेख काढताना वेदनेची रेघ ३० वर आणि गुंगीची १५० वर घ्यावी, असे त्याचे सांगणे आहे. दोन्ही वेळापत्रके एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांत काढली, तर मुलांना पुढे फारसे समजावावे लागत नाही.